मुलींच्या लाइनमुळे पोरांच्या नोकऱ्या गेल्या म्हणे!

असेंब्लीवाली
परवा इथे एका महाशयांनी लिहिलं: "कंपन्यांना समानतेचा पुळका आलाय. मुलींची लाइन लावायची, फोटो काढायचे, आणि जड काम, रात्रपाळी आमच्या पोरांच्या गळ्यात." वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लांबलचक.

चाकणला सुट्या भागांच्या एका कंपनीत सहा वर्षं असेंब्लीवर, म्हणजे भाग जोडायच्या लाइनवर, आहे. पहिल्या दिवशी स्टोअरमध्ये सात नंबरच्या खाली सेफ्टी शूज नव्हते. माझा पाय चारचा. स्टोअरवाला म्हणाला, "दोन मोजे घाला ताई." दोन महिने तशीच उभी राहिले, ऑडिटच्या कागदावर मात्र पीपीई (सुरक्षेची साधनं) शंभर टक्के. बायकांचं टॉयलेट शेडच्या पार पलीकडच्या टोकाला. रिलीव्हर, म्हणजे बदली कामगार, आल्याशिवाय स्टेशन सोडायचं नाही, आणि रिलीव्हर एकच. त्यामुळे साडेसहाला लागलेल्या पोरी साडेदहाच्या जेवणापर्यंत पाण्याला तोंड लावत नाहीत.

जड कामाचं म्हणाल तर हाउसिंग (जड आवरण) मी उचलतच नाही, होइस्ट (वजन उचलायचं यंत्र) उचलतो. आमच्यामुळे आला तो. आता तिन्ही पाळ्यांतली पोरं वापरतात. कंबर कुणाची वाचली?

जुना फिटर
होइस्टचं ठीक. रात्रपाळीचं बोला. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायकांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवता येत नव्हतं. सरकारनं सूट दिली तरी रात्री दहा ते पहाटे पाच नाहीच. म्हणजे तुमच्या वाटणीची रात्र कोणी काढली? मी भोसरीत एकोणतीस वर्षं तिसरी पाळी केली. पोरगी दहावीला कधी गेली ते निकालाच्या दिवशी कळलं.

असेंब्लीवाली
काका, ती बंदी आम्ही मागितली होती? मद्रास हायकोर्टानं २००० साली ते कलम घटनाबाह्य ठरवलं. २०२० च्या कामगार संहितेतही रात्रीच्या कामाला बाईची संमती पुरते, सुरक्षेची आणि ने-आणीची सोय मालकानं करायची. मी आज रात्रपाळीला तयार आहे. पण बस चौकात सोडते, तिथून घर दीड किलोमीटर, आणि मध्ये दिवा एक नाही.

पास नाही
बस? कोणाची बस? आमच्या कंपनीत पास फक्त परमनंटला. आम्ही बारा जणी ठेकेदाराच्या, सहा आसनीत कोंबून जातो. समानता-समानता करताय, त्या मुलींच्या लाइनवर परमनंट किती ते विचारा आधी. आमच्याकडे एक. ती सुपरवायझर.

गेट मीटिंग
हेच म्हणतोय मी कधीपासून! बायका घेतात त्या प्रेमापोटी नाही. ट्रेनी म्हणून आणायच्या, मुदत संपली की नवी बॅच. युनियनचा फॉर्म भरायची वेळच येत नाही.

पास नाही
युनियननं फॉर्म दिला होता का आम्हाला? तीन वर्षांत तुमचा एक माणूस ठेकेदाराच्या पोरींशी बोलायला आला नाही. वेतनकराराचे पेढे मात्र आमच्यासमोर वाटले.

गेट मीटिंग
सगळ्या युनियन सारख्या नसतात. उगाच काहीही बोलू नका.

पास नाही
पेढा पण दिला नव्हता. खरं तेच बोलतेय.

मनुष्यबळ
एचआरमध्ये आहे, शिव्या घाला. तीसपेक्षा जास्त महिला असल्या की पाळणाघर लागायचं, हा कारखाना कायद्यातला १९७६ पासूनचा नियम होता. समान कामाला समान वेतनाचा कायदाही १९७६ मध्येच आला. आम्ही नवीन काही करत नाही, पण करतो तेही दिसत नाही लोकांना.

पास नाही
दिसतं की. आमच्याकडे तेव्हा अठ्ठावीस होत्या. एकतिसाव्या पोरीचा इंटरव्ह्यू कधी झालाच नाही.

मनुष्यबळ
...माझ्या कंपनीबद्दल नाही बोलले मी.

जुना फिटर
विषय कुठून कुठे गेला. पोरांच्या नोकऱ्यांचं कोणी बोललंच नाही. माझा पुतण्या आयटीआय करून आठ महिने घरी आहे. तो काय करणार?

असेंब्लीवाली
पुतण्याची जागा मी नाही खाल्ली काका. ती परमनंट जागाच राहिलेली नाही. त्याला विचारा, बोलावलं तर ट्रेनी म्हणूनच बोलावतील, आमच्याच पगारावर. १९७४ साली टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, सुधा मूर्तींनी जेआरडींना कार्ड टाकलं आणि त्या पुण्यात लागल्या. आता जाहिरातीत 'महिलांना प्राधान्य' असतं. शूज मात्र सात नंबरचेच.

जुना फिटर
शूजचं मान्य. पाणी न पिण्याचं वाचून वाईट वाटलं, तेही मान्य. बाकी काहीही मान्य नाही. आणि मला काका म्हणू नका, मी तुमच्याशी भांडतोय.

असेंब्लीवाली
बरं दादा.

नवी ट्रेनी
भांडण चालू द्या. सोमवारी रुजू व्हायचंय. चार नंबरचे सेफ्टी शूज भोसरीत कुठे मिळतात कोणी सांगेल का?