चर्चा : फुलपाखराची अळी घरात वाढवावी की झाडावरच राहू द्यावी?

गच्चीवाली
उन्हाळी शिबिरांच्या शुल्काविषयी आपण दरवर्षी कुरकुर करतो. त्यापेक्षा या सुट्टीत मुलांना घरीच फुलपाखरू वाढवू द्यावे, असे मी सुचवते. लिंबाच्या फुलपाखराची मादी कुंडीतल्या कढीपत्त्याच्याही कोवळ्या पानांवर मोहरीएवढी फिकट पिवळी अंडी एकेक करून घालते. त्यांतून निघणारी अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटची कात टाकल्यावर हिरवीगार होते आणि डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेले नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडते. हे ज्याने पाहिले, त्याला जीवनचक्राची आकृती घोकावी लागत नाही. जाळीच्या डब्यात मुंग्या आणि परजीवी माश्या शिरत नाहीत, म्हणून अळी घरात आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रानवाट
या मताशी मी असहमत आहे. आपल्याकडे फुलपाखरांचा खरा हंगाम पावसाळ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंतचा. मे महिन्यात पालवी कमी, ऊन कडक, आणि खिडकीत ठेवलेला डबा तापला तर अळी जाते. शिवाय तिला वाचवायचे ते कोणापासून? अळीच्या अंगात अंडी घालणारी गांधीलमाशीही त्याच साखळीतली आहे. विदर्भात संत्र्याच्या कलमांवरची हीच अळी कीड म्हणून वेचून मारतात, तेव्हा तिला डब्यात जपणे म्हणजे निसर्गसंवर्धन, असा मुलांचा समज होऊ देणे मला अयोग्य वाटते.

गच्चीवाली
संवर्धनाचा दावा मी केलेलाच नाही. बुलबुलाने एका दुपारीत फांदी साफ केली, तर मुलाच्या वाट्याला कुरतडलेली पाने तेवढी उरतात; अन्नसाखळी त्याला आणखी दोन वर्षांनी समजली तरी काही बिघडत नाही.

प्राथमिक शिक्षिका
आपण दोघेही ज्या गोष्टी गृहीत धरता, नेमक्या तिथेच हा उपक्रम फसतो. बाजारातल्या कढीपत्त्यावर फवारणी झालेली असू शकते आणि धुतल्याने ती पूर्ण जातेच असे नाही, त्यामुळे घरचे झाड नसेल तर अळी आणूच नये. डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवल्यास तोंडाशी कापसाचा बोळा घट्ट बसवावा, नाहीतर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. विष्ठा रोज काढावी, कारण ओलाव्याने बुरशी धरते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोषातून निघालेल्या फुलपाखराला वर चढून, लोंबकळून पंख पसरायला उभी जागा लागते. डबा बुटका असेल तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि ते पुन्हा कधीच सरळ होत नाहीत. सहलीत रानातून अनोळखी अळ्या उचलून आणण्याला तर माझा ठाम विरोध आहे, कारण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत, म्हणजे संरक्षित जातींच्या याद्यांत, फुलपाखरांच्याही काही जाती आहेत. नुसती फुलपाखरेच दाखवायची असतील, तर ठाण्याची ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग पावसाळ्यानंतर पाहावी.

रानवाट
शिक्षिकाबाईंनी सांगितलेली काळजी पाहता डब्याऐवजी कुंडीच बरी, हे माझे म्हणणे अधिकच पक्के होते. जुलैत कढीपत्ता आणि कागदी लिंबू लावावे, रुईचे रोप आपोआप उगवले तर उपटू नये, आणि वाट पाहावी. रुईवर बिबळ्या कडवा या फुलपाखराची काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी येईल किंवा येणारही नाही, आणि न येणे हीसुद्धा मुलाची नोंद ठरू शकते.

गच्चीवाली
कुंडी लावण्याला माझी हरकत नाही. अडचण एवढीच आहे की कोष काळसर होऊन आतले पंख दिसू लागले, की बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळीच फुलपाखरू बाहेर पडते, आणि जुलैत त्या वेळी मुले शाळेच्या बसमध्ये बसलेली असतात.