पडदा मध्यभागी असतोच असं नाही

पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) हिच्या गाठीच्या शस्त्रक्रियेबद्दल कुणीतरी लिहिलंय की नाकातून स्फेनॉइड सायनसमध्ये, म्हणजे नाकामागच्या हाडातल्या पोकळीत, शिरलं की तिथला मधला हाडाचा पडदा धरून सरळ जायचं, पिट्युटरी समोरच. इथे थोडं थांबा. तो पडदा बरेचदा मध्यरेषेवर नसतोच. तिरका जाऊन कधी थेट कॅरोटिड धमनीवरच्या (मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी, दोन्ही बाजूंना एकेक) हाडाला चिकटतो, आणि ते हाड बहुतेकांत ०.५ मिमीपेक्षाही पातळ, क्वचित नसतंच. म्हणून पडदा पिरगाळून तोडायचा नाही. कापणाऱ्या चिमट्याने किंवा ड्रिलने हळूहळू काढायचा. मध्यरेषा ठरवायला व्होमर, म्हणजे नाकाच्या मधल्या पडद्याचं मागचं हाड, बरं. दोन्ही कॅरोटिडमधलं अंतर काहींत ४ मिमी इतकं कमी भरतं, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी सीटी बघणं टाळू नका.

ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना कॅव्हर्नस सायनस, म्हणजे अशुद्ध रक्ताची पोकळी. तिथे मेंदूतून निघणाऱ्या चेतांपैकी सहावी चेता कॅरोटिड धमनीला लगटून आतून जाते, तर तिसरी, चौथी आणि पाचवीच्या वरच्या शाखा बाहेरच्या भिंतीत असतात. ग्रंथीच्या वर डायफ्रॅम (श्वासाचा नव्हे, ग्रंथीवरचं पातळ आवरण), त्यावर दोन्ही दृष्टीचेता एकमेकींना छेदतात ती जागा. डायफ्रॅम पातळ असला तर गाठ काढताना तो अचानक खाली उतरतो. नवख्याला तो गाठीचाच तुकडा वाटतो. ओढलात की मेंदूभोवतीचं पाणी गळलंच!