वेल्डिंगच्या टोवर वारंवार क्रॅक: बर ग्राइंडिंग करू की पीनिंग?

मंडळी, खडी क्रशरच्या व्हायब्रेटिंग स्क्रीनच्या साइड प्लेट आमच्या शेडमध्ये बनतात. १० मिमी प्लेट, त्यावर फिलेट (कोपऱ्यातलं) वेल्ड केलेले लांब स्टिफनर, म्हणजे मजबुतीच्या पट्ट्या. क्रॅक ठरलेल्या जागी येतो: स्टिफनर संपतो तिथे, वेल्डिंगच्या टोवर (वेल्ड प्लेटला मिळतं ती कड). कापून पाहिलंय, रूटमधून (वेल्डच्या तळातून) येत नाही.

मालकांच्या आग्रहाखातर ई२५० सोडून जास्त ताकदीची ई३५० प्लेट लावली. काडीचाही फरक नाही. आणि पडणार तरी कसा? वेल्डिंग केलं तसंच सोडलं तर टोवरची बारीक खाच आणि आत अडकलेला ताणच सगळं ठरवतो, ग्रेडला कोण विचारतं!

स्क्रीन ९०० आरपीएमची, म्हणजे तासाला ५४,००० सायकल. आयआयडब्ल्यूचा (आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेचा) फॅट आकडा, म्हणजे जोड ताणाचा किती चढउतार सोसेल ते, २० लाख सायकलचा; रोज दहा तास चालवलं तर ते चार दिवसांत संपतात. ३०० मिमीहून लांब स्टिफनरच्या टोकाला फॅट ५० मिळतो, तो १ कोटी सायकलवर जेमतेम २९ एमपीए उरतो. डिझाइन बदलायला कस्टमर तयार नाही. टोवर बर मारू (छोट्या फिरत्या कटरने घासू), हातोडा पीनिंग करू (ठोकून पृष्ठभाग दाबू) की भट्टीत स्ट्रेस रिलीव्ह (तापवून आतला ताण कमी)? कुणी प्रत्यक्ष केलंय का?

उत्तर १:
आधी बर. सोसणाऱ्या स्ट्रेस रेंजला (ताणाच्या चढउताराला) १.३ पट धरतात, तुमचे २९ साधारण ३८ होतील. डिस्क ग्राइंडर नको, त्याचे ओरखडे टोच्या दिशेनेच पडतात आणि नवा क्रॅक तिथूनच सुटतो. गोल टोकाचा कार्बाइड बर घ्या, प्लेटच्या पृष्ठभागाखाली किमान ०.५ मिमी जा. मात्र जाडीच्या ७ टक्क्यांची मर्यादा आहे, तुमच्या प्लेटला ०.७ मिमी. जागा एवढीशीच, म्हणून हात बसलेला माणूस लावा. स्टिफनरच्या टोकाला वळसा घालून पूर्ण घासा, नेमकं तेच राहून जातं.

पीनिंगला १.५ पट मिळतं, पण यील्ड (स्टील कायमचं वाकायला लागतं तो ताण) ३५५ एमपीए किंवा वर असेल तरच. तुमचं ई३५० पाचाने हुकलं, नियमाने १.३ च. भट्टीने कंपनाच्या लोडमध्ये थोडं मिळेल, खाच मात्र तशीच राहते. पीनिंगनंतर भट्टीत टाकलंत तर केलेलं पाण्यात.

जुन्या प्लेटवर आधीच क्रॅक असेल तर वरून पीन करू नका. तो पूर्ण गाउज करून (खोदून) काढा, पुन्हा वेल्ड करा, मग बर.

स्क्रीनवर स्ट्रेन गेज (ताण मोजायचा सेन्सर) लावलाय का? खरी रेंज ३८ च्या वर निघाली तर यातलं काहीच पुरणार नाही.