कार्यालयातील जुना सर्व्हर बदलताना क्रम कोणता ठेवावा?

नौपाडाकर (प्रश्न)

ठाण्यात नौपाड्याला आमचे सनदी लेखापालांचे छोटे कार्यालय असून चौदा संगणक एका सर्व्हरला जोडलेले आहेत. हा सर्व्हर आम्ही २०१४ साली घेतला. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ असून डोमेन (सर्वांची खाती आणि परवानग्या सांभाळणारी व्यवस्था), डीएनएस (जाळ्यातील यंत्रांचे पत्ते शोधून देणारी सेवा), अशिलांच्या फायलींची सामायिक फोल्डरे आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा हा सगळा भार त्या एकाच यंत्रावर आहे. गेल्या पंधरवड्यापासून रेड-५ (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकवणारी जोडणी) मधील तीन डिस्कांपैकी एकीचा दिवा पिवळा झाला आहे. शिवाय, सशुल्क मुदतवाढ वगळता, या आवृत्तीच्या सुरक्षा-सुधारणा १० ऑक्टोबर २०२३ रोजीच थांबल्या आहेत.

विक्रेत्याने नवे यंत्र आणि त्यावर विंडोज सर्व्हर २०२५ असे दरपत्रक दिले असून, शनिवारी संध्याकाळी सुरुवात करून सोमवारी सकाळी सर्वांना कामाला बसवण्याचे तोंडी आश्वासनही दिले आहे. मी लेखापाल आहे, संगणकतज्ज्ञ नव्हे. इतरांपेक्षा थोडे अधिक कळते म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडले आहे. हे आश्वासन कितपत भरवशाचे धरावे, आणि आधी काय व नंतर काय करावे?

घणसोलीकर (उत्तर)

नवी मुंबईतील लहान कार्यालयांच्या जाळ्यांची देखभाल मी बरीच वर्षे करत आहे, आणि आपला प्रश्न वाचताना सर्वांत आधी अडखळलो तो दरपत्रकातील २०२५ या आकड्यावर. विंडोज सर्व्हर २०२५ ला डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) म्हणून सामील करून घ्यायचे, तर डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन कोणत्या आवृत्तीच्या पातळीवर चालते ती) किमान २०१६ ची असावी लागते. आणि जोवर २०१२ आर२ चा कंट्रोलर डोमेनमध्ये आहे, तोवर ती लेव्हल २०१६ पर्यंत चढवताच येत नाही. म्हणजे शनिवारी रात्री नऊ वाजता नेमके इथेच काम अडणार. विक्रेत्याला याबद्दल आधीच विचारा. उत्तर चाचरत आले, तर काय समजायचे ते समजा.

यावर सरळ उपाय म्हणजे नव्या यंत्रावर २०२२ घालणे. ही आवृत्ती जुन्या डोमेनमध्ये सामावते आणि तिला १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत. २०२५ चा परवाना घेऊन त्यावर २०२२ चालवण्याची मुभा असते. मात्र त्यासाठीचे इन्स्टॉलेशन माध्यम कोण देणार, हे लेखी घ्या. चौदा जणांसाठीचे कॅल (सर्व्हर वापरण्यासाठी लागणारे वेगळे परवाने) दरपत्रकात धरले आहेत का, तेही पाहा, कारण २०१२ चे जुने कॅल नव्या आवृत्तीला चालत नाहीत आणि हा खर्च बहुधा शेवटी निघतो. स्टँडर्ड आवृत्तीच्या एका परवान्यात दोन आभासी यंत्रे (एकाच यंत्राच्या पोटात चालणारे स्वतंत्र सर्व्हर) चालवता येतात, तेव्हा डोमेन एका यंत्रात आणि फायली व टॅली दुसऱ्यात ठेवा.

परंतु या सगळ्याच्या आधी त्या पिवळ्या दिव्याचे पाहायला हवे. आज आपली रेड उरलेल्या दोन डिस्कांवर लंगडत आहे. आणखी एक गेली की सगळेच गेले. तरीही लगेच डिस्क बदलू नका. नवी डिस्क घातली की उरलेल्या दोन्ही जुन्या डिस्का कित्येक तास सलग वाचल्या जातात आणि दम तोडायचा असेल तर त्या नेमक्या तेव्हाच तोडतात. आधी संपूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, त्यातील एखाद्या अशिलाचे फोल्डर आणि एका कंपनीचा टॅली डेटा दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहा, आणि मगच डिस्कला हात लावा.

वागळे इस्टेटवाला (उत्तर)

थोडे वेगळे सुचवतो. चौदा माणसांना डोमेन खरोखर हवे आहे का? आमच्या कारखान्याच्या कार्यालयात आम्ही सर्व्हर काढून दोन डिस्कांचा नॅस (जाळ्याला जोडलेली फायली साठवण्याची पेटी) ठेवला, ईमेल आधीपासूनच बाहेर होते, आणि कोणाचेही काही अडले नाही. वीज आणि यूपीएसच्या बॅटऱ्या यांचाही खर्च वाचला.

नौपाडाकर

दोघांचेही आभार. डोमेन सोडता येणार नाही, कारण कोणत्या आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) करणाऱ्या मुलाने कोणत्या अशिलाची फाइल पाहावी, हे त्यावरूनच ठरते आणि दर वर्षी नवी मुले येतात. शिवाय काही कंपन्यांच्या हिशेबवह्या आमच्याकडेच लिहिल्या जातात. त्या आठ आर्थिक वर्षे जपाव्या लागतात आणि २०२२ मधील नियमदुरुस्तीपासून त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज असावा लागतो.

काल बॅकअप उतरवून पाहिला. फोल्डरे उघडली, पण टॅलीच्या दोन कंपन्या उघडल्या नाहीत. बॅकअप चालू असताना कोणीतरी टॅलीत काम करत बसले होते, असे ध्यानात आले. आता रात्री साडेनऊची वेळ लावली आहे. चौकशीत आणखी एक शोध लागला: हजेरीच्या बोटांच्या ठशांचे यंत्रही याच सर्व्हरवर नोंदी पाठवते, आणि ते कोणी जोडून दिले हे आज कोणालाच आठवत नाही.

घणसोलीकर

ते हजेरीचे यंत्र तुम्हाला आत्ता सापडले, हे फार बरे झाले. नवीन सर्व्हर उभा करणे दोन दिवसांचे काम आहे. जुन्यावर कोण कोण गुपचूप अवलंबून आहे हे शोधायला मात्र दोन आठवडे द्या. तुमचे कागद स्कॅन होऊन थेट सामायिक फोल्डरात पडत असतील आणि ते यंत्र जुने असेल, तर ते एसएमबी-१ या जुन्या पद्धतीने बोलत असण्याची दाट शक्यता आहे. नव्या सर्व्हरवर ही पद्धत मुळात बसवलेलीच नसते. केवळ स्कॅनरसाठी ती चालू करू नका, त्यात धोका आहे. फाइल ईमेलने पाठवण्याची सोय त्या यंत्रात असेल तर ती वापरा. टॅलीचे लायसन्स जुन्या यंत्रावरून आधी सरेंडर करा, म्हणजे सोडवून घ्या, आणि नंतरच नव्यावर चालू करा. प्रत्येक संगणकात डीएनएस म्हणून जुन्या सर्व्हरचा पत्ता हाताने लिहिला आहे का, तेही तपासा. माझ्या एका ग्राहकाकडे हा एक आकडा राहून गेला आणि सोमवारी सकाळी अकरा जण पासवर्ड टाकून पडद्याकडे पाहत बसले होते.

दोन्ही सर्व्हर काही दिवस बरोबरीने चालू द्या. फायली रोबोकॉपी या विंडोजमधील नकल करण्याच्या साधनाने परवानग्यांसह आणा आणि नंतर फक्त बदललेल्या तेवढ्या पुन्हा आणा, म्हणजे शेवटच्या रात्री उरते ते तासाभराचे काम. पाचही एफएसएमओ भूमिका (डोमेनमधील एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) नव्याकडे सोपवल्यावर जुना सर्व्हर चार-पाच दिवस नुसता बंद ठेवा. जे काही त्याच्यावाचून अडेल ते ओरडेलच. सगळे शांत राहिले की तो पुन्हा चालू करून रीतसर डिमोट करा, म्हणजे डोमेन कंट्रोलरच्या पदावरून उतरवा. तसाच उचलून भंगारात दिलात, तर डोमेनमध्ये त्याचे भूत मागे राहते.

मुहूर्ताचे तुम्हीच अधिक जाणता, पण सप्टेंबर-ऑक्टोबर हे तुमच्या लेखापरीक्षणाच्या घाईचे महिने अर्थातच नकोत.

नौपाडाकर

जानेवारीची २० तारीख उलटली की जीएसटीच्या घाईतून आम्ही मोकळे होतो, तेव्हा प्रजासत्ताक दिनाला जोडून काम धरतो. विक्रेत्याला फंक्शनल लेव्हलबद्दल आज विचारले. उद्या कळवतो म्हणाले आहेत.