पहिल्यांदाच चीज सूफ्ले करतेय, मदत हवी आहे

मंडळी, रविवारी जेवायला पाहुणे आहेत आणि मी चीज सूफ्ले (फेटलेल्या अंड्यामुळे ओव्हनमध्ये फुगणारा चीजचा हलका पदार्थ) करायचं ठरवलंय. तेव्हापासून नुसती धाकधूक चालू आहे.

व्हाइट सॉस मला जमतो, त्यात बलक आणि किसलेलं चीज घालणंही अवघड वाटत नाही. खरी भीती आहे ती अंड्याच्या पांढऱ्याची. भांड्याला जरा बटर किंवा बलकाचा थेंब लागला तरी ते नीट फुगत नाही, म्हणून भांडं आधी लिंबाच्या फोडीने पुसून घेणार आहे. पण फेटणं नेमकं कुठे थांबवायचं? बीटर उचलल्यावर टोक ताठ उभं राहायला हवं की किंचित वाकलेलं बरं? जास्त फेटलं तर ते फुटून रवाळ होतं, त्याचीच धास्ती आहे. आणि सॉसमध्ये कट अँड फोल्ड करताना, म्हणजे हलक्या हाताने खालून वर उलटत मिसळताना, मध्येमध्ये पांढरे पट्टे राहिले तर चालतात का?

ओव्हन फॅनवाला आहे. १९० अंश ठेवू की कमी? दार मध्ये उघडायचं नाही, हे पक्कं. बाहेर काढल्यावर काही मिनिटांत खाली बसणारच, तेव्हा पाहुण्यांना आधीच टेबलावर बसवेन.

सॉस सकाळी करून ठेवला आणि संध्याकाळी कोमट करून वापरला तर चालेल का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा.