सायकलची चेन : किती पुसावी, किती तेल द्यावं, कधी सरळ बदलावी? गावाकडचे अनुभव सांगा

चेनच्या निगेबद्दल जे सल्ले ऐकायला मिळतात ते बहुतेक गुळगुळीत रस्त्यांवरचे असतात. दर फेरीनंतर ब्रश, खास द्रावण, खास तेल. आपल्याकडे सायकल वावरात जाते, शाळेत जाते, दुधाच्या कॅना वाहते. निम्मा रस्ता डांबरी, उरलेला पांदण. पावसाळ्यात काळा गारा (चिखल), उन्हाळ्यात पिठासारखी धूळ. एवढा उपद्व्याप रोज कोण करणार? पण काहीच केलं नाही तर चेनसोबत फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) आणि चेनव्हीलचे (पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे) दातेही जातात, आणि मग खर्च एका चेनचा राहत नाही.

मी हिंगणघाटकडचा. माझ्यापुरतं मी एक ठरवलं आहे : अंदाजावर जायचं नाही, मोजायचं. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची. एका पिनच्या मध्यावर मोजपट्टी ठेवली की २४ कड्यांनंतरच्या पिनचा मध्य बरोबर १२ इंचांवर यायला हवा. तो १२ इंच आणि वर एक अष्टमांश इंच, इतका सरकला की साधी चेनसुद्धा संपली. लोक म्हणतात चेन ताणली. खरं तर कड्यांच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत, आतली पिन झिजते, प्रत्येक सांध्यात केसभर जागा होते आणि सगळ्यांची बेरीज मोजपट्टीवर दिसते. म्हणून तेल बाहेर चमकून उपयोग नाही, ते पिनपर्यंत जायला हवं.

तुमचा तालुका, तुमची माती, सायकलचं काम आणि तुम्ही प्रत्यक्षात काय करता, ते लिहा.

राळेगावकडून, कापूस-तुरीचा शेतकरी

आमचं वावर लांब हाये. पावसाळ्यात पांदनीतून सायकल चालवताच येत नाई, ढकलत न्या लागते. लय गारा झाला तं खांद्यावर. मडगार्डात माती अशी बसते का चाकच फिरत नाई, म्हून मिरग लागला का मी मडगार्ड काढूनच ठेवतो.

चेनीवरचा गारा ओला हाये तवरच काढा लागते. वाळला का गोटा होते, मंग काडीनं कोरत बसा. मी नाल्यावरच सायकल उलटी उभी करतो, पाणी मारतो, पायडल उलटं फिरवतो अन् चिंधी मुठीत धरून चेन तिच्यातून काढतो. पहिले ओली चिंधी, मंग कोरडी. तेल त्याच सांजीले. उद्यावर ढकललं तं सकाळी चेनीवर लाल जंग दिसते. दिवाळी झाली का मातर चेनीले पाणी लावत नाई. कोरडी चिंधी अन् पंधरवाड्यात थोडं तेल, बस.

अजून एक सांगतो, हे कोणी सांगत नाई. युरियाची बॅग कॅरिअरवर आनली अन् ती कुठं उसवलेली असली तं खताची भुकटी चेनीवर पडते. ती हवेतलं पाणी ओढते. रातचं दव पडलं का दोन दिवसांत कड्या आखडतात. खत वाहिलं का चेन पुसाच.

आर्वी तालुका, सायकल मिस्त्री, आता दुकान मुलाकडे

शेतकरी भाऊंनी बरोबर सांगितलं. माझ्याकडे येणाऱ्या चेनींत धुतल्यानं खराब झालेल्या कमी, चुकीच्या तेलानं खराब झालेल्या जास्त.

पहिलं, जळालं ऑइल. मोटरसायकलचं काढलेलं काळं ऑइल फुकट मिळतं म्हणून लोक डबा भरून नेतात. त्यात इंजिनातला कोळसा आणि धातूचा बारीक कीस असतो. ते चेनमध्ये घालणं म्हणजे झिजवायची सोय आपल्याच हातानं करणं. दुसरं, घरातलं खायचं तेल. आपल्या विदर्भात जवसाचं तेल पुष्कळ घरी असतं आणि नेमकं तेच चेनला सगळ्यात वाईट. जवसाचं तेल हवेत वाळतं, घट्ट होतं, चिकट पापुद्रा धरतं. म्हणून तर ते रंगात आणि लाकडाला वापरतात. जवस लावलेली चेन महिन्या-दोन महिन्यांनी हातात घेऊन वाकवली तर एकेक कडी वाकडीच राहते, परत सरळ होत नाही. ती घासलेटात रात्रभर टाकली तरी पूर्ण सुटत नाही.

चेन काढून धुवायची असेल तर घासलेट, नाही मिळालं तर डिझेल. पेट्रोल नको, त्याची वाफ खोलीत साठते आणि एका काडीनं भडका होतो. धुतल्यावर चेन टांगून पूर्ण वाळू द्या. आत घासलेट राहिलं तर वरून दिलेलं तेल पातळ होऊन वाहून जातं. नवी चेन धुवूच नका. कारखान्यातून तिच्या सांध्यांत ग्रीस भरून येतं, तेवढं चांगलं वंगण आपण बाहेरून नंतर भरू शकत नाही. फक्त वरून पुसा आणि चढवा.

तेल देताना चेनच्या खालच्या बाजूला, आतल्या अंगानं, प्रत्येक रोलरवर (पट्ट्यांमधल्या फिरत्या गोल नळीवर) एक थेंब. पायडल उलटं फिरवत राहायचं. मग थांबायचं, मुरू द्यायचं, आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. हे पुसणं लोक सोडतात, आणि धूळ तिथंच बसते.

चेन परत जोडताना लॉककडे, म्हणजे जोडकडीवरच्या क्लिपकडे बघा. त्याचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं पळते तिकडे हवं. उलटं बसलं तर कुठं काडी-झुडूप अडकलं की लॉक निघून पडतो, आणि तो पांदणीत सापडत नाही.

कुरखेडा तालुका, गडचिरोली, शिक्षिका

आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेली आहे. आठवी ते बारावीच्या मुलींसाठी ती योजना आहे. त्यांच्या चेनी कायम कोरड्या का असतात हे मला सुरुवातीला समजत नव्हतं. मुलींनाच विचारलं. तेल दिलं की सलवार काळी होते, आणि तो डाग साबणानं जात नाही, घरी बोलणी बसतात. म्हणजे कंटाळा नव्हता, गणवेश वाचवणं होतं.

मिस्त्रीकाका म्हणतात तेच उत्तर निघालं. डाग पडतो तो बाहेर राहिलेल्या तेलाचा. आता शनिवारी सकाळची शाळा सुटली की व्हरांड्यात तेलाची बाटली आणि सुती कापडाचे तुकडे असतात. शनिवारी थेंब-थेंब तेल, रविवारभर मुरतं, सोमवारी घरून निघण्याआधी कोरड्या फडक्यानं पुसायचं. मोठ्या मुली सहावी-सातवीतल्यांच्या घरच्या सायकलीही करून देतात. एका मुलीनं तर वडिलांच्या सायकलचा लॉक उलटा बसलेला ओळखला.

ज्या सायकलींना पूर्ण कव्हर आहे त्यांचं वेगळं. ओढणी अडकत नाही, डाग पडत नाही, धूळ कमी जाते. पण आत काय चाललंय ते दिसत नाही. पावसाळ्यात एकदा पाणी आत गेलं की ओल टिकते. कव्हरचा मागचा तुकडा काढून निदान दिवाळीच्या सुट्टीत एकदा आत बघायला हवं, हे मी पालकांना आवर्जून सांगते. कव्हर असलेली सायकलच मुलींसाठी बरी, या मतावर मी ठाम आहे.

वणी-घुग्गुस रस्त्यावरून रोज जाणारा, कोळसा पट्टा

आमच्याकडे मातीपेक्षा कोळशाची भुकटी. ट्रक गेला की सायकल काळी. तेल जास्त झालं की भुकटी त्यात मिसळून दाटसर लगदा होतो आणि तो दाते खातो. मी तेल कमीत कमी देतो आणि पुसणं जवळपास रोज, घरात शिरण्याआधी. दोन मिनिटांचं काम आहे. धुणं मी करत नाही, कारण पाण्यानं भुकटी आणखी आत जाते असा माझा अनुभव आहे.

मोर्शी तालुका, दूध घालणारा

मला हे सगळं पटत नाही, स्पष्ट सांगतो. पहाटे कॅना भरून निघायचं, परत येईपर्यंत जनावरांचं पाणी, वैरण, शेण. चेन पुसत बसायला वेळ कुठून आणू? साधी चेन दीड-दोनशेत येते. मी दर पोळ्याला नवी टाकतो आणि मोकळा होतो. आवाज आला तर वरून तेल ओततो. माझ्या एका सकाळच्या वेळेची किंमत त्या चेनपेक्षा जास्त आहे.

आर्वीचे मिस्त्री

दूधवाले भाऊ, तुमचा वेळेचा हिशेब मला मान्य आहे. दर वर्षी चेन बदलणं हेही वाईट धोरण नाही, फक्त ती वेळेत बदलली गेली पाहिजे. वजन जास्त, त्यात चेन कोरडी, म्हणजे पोळ्याच्या आधीच ती वाढलेली असणार. वाढलेली चेन फ्रीव्हीलचे दाते आपल्या मापाचे करून टाकते. मग त्यावर नवी चेन टाकली की चढावर जोर देताना ती दात्यावरून उडी मारते. कॅना भरलेल्या असताना उडी मारली तर माणूस पडतो. हिंगणघाटचे भाऊ म्हणतात तशी पट्टी लावून होळीला एकदा आणि पोळ्याला एकदा मोजा. आणि वरून ओतण्याऐवजी तेच तेल रोलरवर द्या, वेळ तेवढाच लागेल.

परतवाडा, गिअरची सायकल, चिखलदऱ्याचा घाट नेहमीचा

रोलर चेनची ही रचना हान्स रेनॉल्डची, १८८० ची, मँचेस्टरमधली. आजही मूळ तत्त्व तेच. त्यामुळे इथं साध्या सायकलबद्दल जे चाललंय ते माझ्या महागड्या चेनलाही लागू आहे. फरक एवढाच की गिअरची चेन अरुंद असते आणि आडवी वाकून चालते, म्हणून मी एक अष्टमांशाची वाट बघत नाही. १२ इंचांवर एक सोळांश दिसला की बदलतो. मागचे दातेही महाग असतात, चेन लवकर बदललेली परवडते.

मी तेल सोडून मेण करून पाहिलं आणि कोरड्या महिन्यांत त्यावरच राहिलो. चेन घासलेटात धुऊन पूर्ण निस्तेल करायची. पॅराफिन मेण डब्यात घालून तो डबा उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवायचा. थेट आचेवर कधीच नाही, मेण पेट घेतं. वितळलेल्या मेणात चेन बुडवून हलवत राहिलं की बारीक बुडबुडे येतात. ते थांबले म्हणजे मेण सांध्यांत पोचलं. बाहेर काढून टांगलं की थोड्या वेळानं चेन काठीसारखी ताठ होते. एकेक कडी बोटांनी मोडून मोकळी करायची. मग धूळ चिकटत नाही, हात काळे होत नाहीत, घाटात आवाज नाही.

पण त्याची किंमतही सांगतो. पहिल्या वेळी पूर्ण संध्याकाळ जाते. भर उन्हात सायकल उभी ठेवली तर मेण मऊ पडतं, सावली शोधावी लागते. आणि एका पावसात सगळं धुऊन निघतं, दुसऱ्या दिवशी गंज. म्हणून जून ते ऑक्टोबर मी तेलावर असतो. शेतावर जाणाऱ्या सायकलला मेणाचा सल्ला मी देणार नाही.

साकोली, भंडारा, शिवणकाम करते

माझ्याकडे शिलाई मशीनचं तेल असतंच, तेच मी सायकलला देते. पातळ आहे, लगेच आत जातं, बाटलीला बारीक नळी असल्यानं एकेक थेंब नीट पडतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मात्र ते टिकत नाही, बांधीतून (धानाच्या शेतातून) आलं की गेलं. तेव्हा दुकानातून थोडं जाड तेल आणते. उरलेल्या वर्षभर हेच पुरतं.

ब्रह्मपुरी तालुका, धान आणि मोहफूल

आमच्या रस्त्याला वाघाचा वावर आहे. मार्च-एप्रिलमध्ये लोक पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात. अंधारात, झुडपाशेजारी, चेन उतरली म्हणून खाली वाकून बसणं ही आमच्याकडे जिवावरची गोष्ट आहे. तेलापेक्षा मी ढिलेपणा बघतो. चेनच्या मध्यावर बोटानं वर-खाली केलं तर अर्धा इंच हलावी, जास्त नाही. चेनव्हील थोडं वाकडं असतंच, म्हणून पायडल पूर्ण फेरी फिरवून जिथं चेन सगळ्यात घट्ट येते तिथं मोजायचं. जास्त हलत असेल तर मागचे नट ढिले करून चाक मागे ओढायचं, चाक सरळ आहे ना बघायचं, मग दोन्ही नट सारखे आवळायचे. हे काम आदल्या संध्याकाळी, घरी. मोहाच्या हंगामात आमच्या टोलीवर (वस्तीवर) प्रत्येक घरची सायकल अशी बघितली जाते, आणि एकट्यानं कोणी निघत नाही.

मोर्शीचे दूधवाले

मिस्त्रीकाका, आज दुपारी पट्टी लावली. २४ कड्या, १२ इंचांच्या वर चांगला एक अष्टमांश निघाला, आणि पोळा अजून लांब आहे. चढावर खटका बसतो तो यानंच असणार. चेन टाकतोच आहे. फ्रीव्हीलही सोबत बदलू की आधी चेन टाकून पाहू?

आर्वीचे मिस्त्री

आधी नवी चेन टाका आणि कॅना रिकाम्या असताना चढावर जोर देऊन बघा. उडी मारली नाही तर फ्रीव्हील राहू द्या. दाते एका बाजूला झुकलेले, टोकाला निमुळते दिसले तर मात्र चढावर न बघताच बदला. आणि फ्रीव्हील खोलून आणाल तेव्हा आतल्या फटीत पातळ तेलाचे दोन थेंब सोडायला सांगा, ग्रीस नको. ग्रीसनं आतले खटके चिकटतात आणि थंडीत पायडल नुसतं फिरतं.