‘बॉट लावला तर कुणाच्या बापाचं काय जातं?’ – माझ्या जातं

लंब्रिजचा_राखणदार (धागाकर्ता)

परवा इथे आळशी_अजगर यांचा लेख आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सार: रूनस्केपसारख्या ऑनलाइन गेममध्ये तेच ते काम तासन्‌तास करायला लावतात, ते माणसाने करणं हाच मूर्खपणा. आपल्याऐवजी आपोआप खेळणारी स्क्रिप्ट, म्हणजे बॉट, लिहावी, झोपावं, सकाळी उठून गेममधलं सोनं मोजावं, जास्त झालं तर खऱ्या पैशांना विकावं. शेवटचं वाक्य: ‘यात कुणाच्या बापाचं काय जातं?’ प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

२००६ साली साताऱ्यात एका सायबर कॅफेत वीस रुपये तासाने मी हा गेम शिकलो. फुकटातला, ब्राउझरमधला. यूची झाडं तोडायची, लाकडं बँकेत टाकायची आणि ‘वर्ल्ड वन’ या सर्व्हरवर व्हॅरॉक शहराच्या बँकेसमोर उभं राहून भाजीवाल्यासारखं ओरडून विकायची. पहिलं रून चिलखत घ्यायला दोन महिने लागले. घातलं त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी पोराला दाखवलं होतं. त्यानेही खेळ थांबवून बघितलं.

आज नवं पोरगं त्याच झाडांपाशी गेलं तर तिथे सात जण आधीच उभे. नावं अशी की कीबोर्डवरून मांजर गेलं असावं. सातही जण एकाच क्षणी वळतात. त्यांना झोप नाही, त्यांना आई जेवायला हाक मारत नाही. लाकडाचा ढीग वाढतो, भाव बसतो, आणि त्या पोराच्या दोन महिन्यांची किंमत दोन दिवसांवर येते. मग त्याला सांगायचं, ‘अरे, सोनं विकत घे ना!’ रोगही यांचाच आणि दवाखानाही यांचाच.

‘कंपनीने बघावं’ म्हणणाऱ्यांसाठी: डिसेंबर २००७ मध्ये रूनस्केपवाल्या जॅगेक्स कंपनीने बघितलं. चोरीच्या क्रेडिट कार्डांवर मेंबरशिप घेऊन सोनं पिकवणाऱ्या टोळ्यांना आवरायला मुक्त देवाणघेवाणच बंद केली, वाइल्डरनेस या धोक्याच्या इलाख्यातली खेळाडूंची आपसातली मारामारी बंद केली. मित्राला मनासारखी भेट देता येईना. तीन वर्षं! डिसेंबर २०१० ते जानेवारी २०११ मध्ये मतदान घेतलं, बारा लाखांच्या आसपास मतं पडली, ९१ टक्के लोक म्हणाले परत द्या. फेब्रुवारीत परत दिलं, आणि बॉट असे फोफावले की ऑक्टोबरात एका दिवसात सुमारे पंधरा लाख खाती उडवावी लागली.

चोर मोकळे फिरले आणि संचारबंदी आम्हाला लागली. हे गेलं माझ्या बापाचं.

आळशी_अजगर

आमच्यावर स्वतंत्र जिलबी पाडल्याबद्दल आभारी आहे. सायबर कॅफे, वीस रुपये, रून चिलखत... डोळे पाणावले.

आता मुद्द्यावर. २०१३ पासून तीच जॅगेक्स बाँड विकते. खरे पैसे देऊन बाँड घ्या, गेममध्ये दुसऱ्या खेळाडूला सोन्याच्या बदल्यात विका. ब्लिझार्ड कंपनीनेही २०१५ मध्ये आपल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट गेममध्ये तसंच टोकन आणलं. म्हणजे पैसे देऊन सोनं घेणं हे पाप नाहीच. पाप आहे ते दुसऱ्याच्या दुकानातून घेणं. सरकारमान्य देशी दारूचं दुकान आणि हातभट्टी, एवढाच फरक.

दुसरं. रंग ओळखून क्लिक करणारी स्क्रिप्ट लिहिता लिहिता मी पायथन शिकलो. कॉलेजने चार वर्षांत शिकवलं नव्हतं. माउस सरळ रेषेत गेला की संशय येतो, म्हणून तो वळणावळणाने न्यायचा. मधेच ‘चहाला’ थांबायचं. थकल्यासारखं हळू व्हायचं. माणूस कसा चुकतो याचा एवढा बारीक अभ्यास मी आयुष्यात दुसऱ्या कशासाठी केला नाही. गंमत पुढे आहे. दुसऱ्या एका गेममध्ये (नाव घेत नाही) मी कधीच बॉट लावला नव्हता. हाताने, प्रामाणिकपणे तीनशे तास मासे पकडले, आणि तिथे माझं खातं बॉट म्हणून बंद झालं. अपील केलं तर चार मिनिटांत नकार. तो नकार कुणी लिहिला असेल? बॉटनेच.

दोनपोरांचाबाप

मी गुन्हेगार आहे, हात वर करतो. सोनं विकत घेतो. कुठल्या गेममध्ये ते सांगत नाही, खातं जाईल.

वय ४१. रात्री साडेदहाला पोरं झोपतात, बाराला माझे डोळे मिटतात. मधे भांडी, डबे, उद्याचा गणवेश. हाती राहतो पाऊण तास. त्यात मी लाकडं तोडू? राखणदार, तुमच्या घरी धुण्याभांड्याला मावशी येतात ना? मग तुम्हीही श्रम विकतच घेता.

लंब्रिजचा_राखणदार

मावशी माझी भांडी घासतात, माझ्या नावाने मॅरेथॉन धावत नाहीत. तुम्ही शर्यतीत नाव घालून शेवटच्या वळणापर्यंत रिक्षाने येताय आणि वर म्हणताय, पायांना वेळ नाही.

दोनपोरांचाबाप

मला पदक नकोच आहे हो. मला फक्त त्या ड्रॅगनला एकदा मारायचं आहे. शर्यत तुमच्या डोक्यात आहे.

वकीलीणबाई

‘पाप’, ‘गुन्हा’ असे शब्द उडताहेत म्हणून एवढंच. ग्लायडर नावाचा वॉरक्राफ्टचा बॉट होता. सप्टेंबर २००८ पर्यंत त्याच्या १ लाख २० हजार प्रती विकल्या गेल्या, ३५ लाख डॉलरचा धंदा झाला. ब्लिझार्डचं म्हणणं, बॉटविरुद्ध ४ लाख ६५ हजार तक्रारी आल्या आणि त्या निस्तरायला वर्षाला ९ लाख ४० हजार डॉलर जातात. अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये सांगितलं की नियम मोडून बॉट चालवणाऱ्या खेळाडूने करार मोडला असेल, पण तेवढ्याने कॉपीराइटचा भंग होत नाही. ब्लिझार्डच्या ‘वॉर्डन’ या पहारेकरी प्रोग्रामला चकवणारं साधन विकणं मात्र बेकायदा ठरलं. थोडक्यात, अजगर, तुमचं झोपणं चालेल, झोपेची गोळी विकणं नाही.

आळशी_अजगर

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत)! कोर्टसुद्धा माझ्या बाजूने.

वकीलीणबाई

अर्धंच वाचायची सवय जुनी दिसते.

निफाडचा_कांदेकरी

गेममधलं काही कळत नाही, भाचा खेळतो म्हणून धागा उघडला. पण एक विनंती आहे. ह्याला ‘सोनं पिकवणं’, ‘गोल्ड फार्मिंग’ म्हणू नका. झोपून उठल्यावर सकाळी मोजायला मिळतं ती शेती नसते. आम्ही रात्री झोपतो ते पंप कधी सुरू करता येईल ह्या विचारात. आठवड्यातले काही दिवस वीज रात्रीच.

बाकी राखणदारभाऊंचं दुःख समजलं. माल जास्त आला, भाव पडला. आमच्याकडे ह्याला सोमवार म्हणतात.

पॉपकॉर्नवाला

‘आमच्याकडे ह्याला सोमवार म्हणतात’ – आजचा विजेता. दंडवत.

दोनपोरांचाबाप

कांदेकरी, हलकं घ्या. पण ग्राहक म्हणून विचारतो, वस्तू स्वस्त मिळाली तर वाईट काय? गेममध्ये लाकूड स्वस्त, मी खूश. बाजारात कांदा स्वस्त, बायको खूश.

निफाडचा_कांदेकरी

घेतलं बघा हलकं.

२०२३ च्या फेब्रुवारीत लासलगावला माझा लाल कांदा क्विंटलला साडेचारशेने गेला. काढणी, गोणी, ट्रॅक्टरचं भाडं धरलं तर खिशातून भरून घरी आलो. नंतर सरकारने क्विंटलला ३५० अनुदान जाहीर केलं, त्याचे कागद जमवता जमवता उन्हाळा गेला. मग जरा भाव वर आला, तर ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क. आणखी वर आला, तर ८ डिसेंबरला निर्यातच बंद. कुणासाठी? तुमची बायको खूश राहावी म्हणून. तुमच्या गेममध्ये भाव पडला तर निदान कंपनी बॉटला तरी हाकलते. इथे भाव चढला की मलाच हाकलतात.

दोनपोरांचाबाप

म्हणजे शहरातल्या माणसाने ऐंशीने कांदा घ्यायचा? पगार काय झाडाला लागतात?

निफाडचा_कांदेकरी

ऐंशीतले माझ्या हातात किती पडतात ते विचारायचं कधी सुचलं का? आणि ज्याला गेममधल्या खोट्या लाकडासाठी खरे पैसे मोजता येतात, त्याने कांद्याला महाग म्हणू नये. पाऊण तासाच्या करमणुकीला हजार, आणि वर्षभराच्या भाजीला घासाघीस.

दोनपोरांचाबाप

वैयक्तिक होऊ नका. माझ्या पैशाचं मी काय करतो हा माझा प्रश्न.

निफाडचा_कांदेकरी

बायकोला मधे तुम्ही आणलं, मी नाही.

आळशी_अजगर

माल जास्त झाला तर भाव पडणारच, यात सरकार काय करणार? प्रत्येकाने कांदाच लावला तर...

निफाडचा_कांदेकरी

तुम्ही झोपा. स्क्रिप्ट चालू ठेवा.

वकीलीणबाई

धागा गेमचा होता ना? की मी वेगळ्या खिडकीत आले?

फिरता_भोवरा

कांदेकरींनी नकळत खरी गाठ सोडली आहे म्हणून लिहितो. भाव पडतो म्हणून गळा काढणारे राखणदार एक गोष्ट गाळतात. तिथला प्रत्येक ‘शेतकरी’ बॉट नसतो. व्हेनेझुएलात बोलिव्हार कागदासारखा झाला, महिन्याचा किमान पगार मोजक्या डॉलरांवर आला, तेव्हा तिथली पोरं ओल्ड स्कूल रूनस्केप या जुन्या धाटणीच्या आवृत्तीत वाइल्डरनेसच्या पूर्वेकडचे हिरवे ड्रॅगन मारून हाडं आणि कातडी विकायची, मिळालेलं सोनं डॉलरमध्ये बदलून घर चालवायची. स्क्रिप्ट नाही, स्वतःच्या हाताने, जुन्या संगणकावर. आणि सुखवस्तू खेळाडूंनी काय केलं? सप्टेंबर २०१७ मध्ये रेडिटवर एकाने रीतसर मार्गदर्शिका टाकली, ह्या व्हेनेझुएलावाल्यांना शोधून कसं मारायचं. राखणदार, तुम्ही तेव्हा खेळत होतात. कुठल्या बाजूला होतात?

लंब्रिजचा_राखणदार

थेट विचारलंत म्हणून थेट सांगतो. मारलंय. आमच्या क्लॅनची, म्हणजे खेळाडूंच्या टोळक्याची, शनिवारची सहलच असायची ती. एकाने मरताना स्पॅनिशमध्ये काहीतरी लिहिलं, आम्ही ते भाषांतर करून बघितलं. शिवी असेल असं वाटलं होतं. ‘भाऊ, सोड, हे काम आहे’ असं काहीसं निघालं. आम्ही हसलो होतो.

आता हसू येत नाही. पण याचा अर्थ बॉट बरोबर असा होत नाही. तो हाताने ड्रॅगन मारणारा पोरगा आणि चाळीस खाती झोपेत चालवणारा अजगर यांना एका दावणीला बांधू नका. त्या पोराचाही भाव बॉटनेच पाडला.

आळशी_अजगर

आला गरिबांचा कैवारी. दर शनिवारी कत्तल करून.

लंब्रिजचा_राखणदार

तुमच्याकडून नीतीचे धडे घ्यायची वेळ आली म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार.

फिरता_भोवरा

आणि दोनपोरांच्याबापांसाठी. २०११ मध्ये ‘गार्डियन’ने चीनच्या जिक्सीतल्या कामगार छावणीतून सुटलेल्या एका कैद्याची हकीकत छापली होती. दिवसा अंगमेहनत, रात्री गेममध्ये सोनं गोळा करणं. तीनशे कैदी, बारा बारा तासांच्या पाळ्या, ठरलेलं सोनं झालं नाही तर मार. पैसे पहारेकऱ्यांचे. तुम्ही विकत घेता तेव्हा ते बॉटने काढलं, व्हेनेझुएलातल्या पोराने की असल्या कैद्याने, हे तुम्हाला कळतं का? तुमच्या मावशी कुठे राहतात, पगार किती, हे निदान तुम्हाला माहीत असतं.

दोनपोरांचाबाप

हे माहीत नव्हतं. मावशींची उपमा मागे घेतो. बाकीचं काहीही मागे घेत नाही, आणि कांदेकरींबाबत तर मुळीच नाही.

आळशी_अजगर

चला, मीही एक कबूल करतो, म्हणजे राखणदारांना झोप लागेल. नवीन खेळाडूंच्या झाडांवर बॉट लावणं हा भिकारपणा आहे. मी कधी लावला नाही. मी फक्त श्रीमंतांच्या जागी लावतो.

पॉपकॉर्नवाला

रॉबिनहूड, पण लूट स्वतःच ठेवणारा.

निफाडचा_कांदेकरी

भाच्याला आत्ता विचारलं. म्हणतो, मामा, मीपण लाकडंच तोडतो, दिवसभरात दोन वडापावचं होत नाही. त्याला म्हटलं, चल शेतात, तिथेही तेवढंच होतं पण ऊन फुकट मिळतं.

दोनपोरांचाबाप

(तीन दिवसांनी) कळवायला आलो. खातं बंद झालं. चौदा दिवस. कारण: सोन्याचा ‘संशयास्पद व्यवहार’. घेतलेलं सगळं सोनंही गेलं. हसा आता.

निफाडचा_कांदेकरी

निर्यातबंदी?